एका भुंगेऱ्याचें नामकरण

आपल्या घरोघरीं एक शब्द फार स्वस्त झालेला आहे, तो म्हणजे ‘किडा’. तांदळाच्या डब्यांत कांहीं हललें कीं किडा, दिव्याभोंवतीं कांहीं फिरलें कीं किडा, फुलांच्या परडींत कांहीं चालूं लागलें कीं तेंही किडाच. नांव एकच, आणि तें उच्चारल्यानंतरची क्रियाही बहुधा एकच, ती म्हणजे झटकून टाकणें. या व्यवहारांत वावगें कांहीं नाहीं. संसार चालविणाऱ्या मनुष्यास प्रत्येक जीवाची कुळकथा विचारीत बसण्यास सवड नसते. परंतु जगांत अशींही कांहीं माणसें असतात, कीं जीं तो तिळाएवढा जीव झटकून न टाकतां भिंगाखालीं धरतात, त्याचें सर्वांग न्याहाळतात, मापतात, आणि जें दिसलें तें अशा नेमक्या शब्दांत लिहून ठेवतात, कीं शंभर वर्षांनीं दुसऱ्या खंडांत जन्मलेल्या अनोळखी मनुष्यासही तोच जीव ओळखतां यावा. आम्हांस असलीं वर्णनें वाचण्याचा नाद आहे. त्यांत कथा नसते, रस नसतो, अलंकार तर नसतातच. तरीही तीं वाचतांना मनास एक प्रकारची स्वच्छता वाटते. ऑस्ट्रेलियांतील मुंगीसारख्या दिसणाऱ्या भुंगेऱ्यांविषयीं वाचीत असतां जे विचार आमच्या मनांत आले, ते वाचकांपुढें ठेवावे या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

प्रथम हा प्राणी कोण तें सांगितलें पाहिजे. भुंगेऱ्यांच्या ज्या कुळास शास्त्रज्ञ ‘अँथिसिडी’ म्हणतात, त्या कुळांत आजवर जगभरांतून तीन हजारांहून अधिक जाती वर्णिल्या गेल्या आहेत. बहुतेकांची लांबी दोनपासून पांच मिलिमीटर, म्हणजे तिळाच्या दाण्याच्या आगेंमागें. डोक्यामागें मान एकदम बारीक. छातीचें कवच पुढें फुगीर व मागें आंवळलेलें. पाय लांबट आणि चाल लगबगीची. अशा या थाटामुळें उघड्या डोळ्यांस तो मुंगीच वाटतो. नीट पाहिलें म्हणजे मात्र पाठीवर मधोमध एक सरळ रेघ दिसते. ती दोन कठीण पंखांची सांध होय. मुंगीच्या पाठीवर असें झांकण नसतें. भुंगेऱ्याची ती मुख्य खूण आहे.

या कुळाचें नांव ज्यावरून पडलें तो ‘अँथिकस’ हा शब्द फुलाच्या ग्रीक नांवापासून निघालेला असून पायकुल नांवाच्या स्वीडिश पंडितानें तो १७९८ सालीं योजिला. वास्तविक यांतील कित्येक जाती फुलांपेक्षां पालापाचोळ्यांत, नदीकांठच्या वाळूंत किंवा कुजत्या गवतांतच अधिक सांपडतात. ‘नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा’ असाच हा प्रकार! परंतु नामकरणशास्त्राचा नियम असा आहे, कीं एकदां रीतसर ठेवलेलें नांव केवळ अर्थ जुळत नाहीं एवढ्यावरून बदलतां येत नाहीं. नांव हें वर्णन नव्हे. वर्णनापर्यंत पोंचण्याचा तो केवळ पत्ता आहे. ही गोष्ट ध्यानांत धरली म्हणजे पुढचें सारें समजणें सोपें जाईल.

आतां एक उदाहरण घेऊं. १८५१ सालीं स्वीडनची ‘युजेनी’ नांवाची लढाऊ नौका पृथ्वीप्रदक्षिणेस निघाली आणि १८५३ सालीं स्वदेशीं परतली. वाटेंत ती ऑस्ट्रेलियांतील सिडनी बंदरांत थांबली होती. नौकेबरोबर गेलेल्या अभ्यासकांनीं ठिकठिकाणचे कीटक जमवून आणले, आणि ते स्टॉकहोमच्या संग्रहालयांतील कार्ल हेन्रिक बोहेमान यांच्या हातीं आले. त्यांत एक तांबडा भुंगेरा होता. बोहेमान यांनीं १८५८ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि त्याचें नांव ‘लेमोडीस कॉक्सिनिया’ असें ठेविलें. यांतील दुसरा शब्द लॅटिन असून त्याचा अर्थ किरमिजी. ज्या रानांत तो भुंगेरा हिंडत होता तें रान बोहेमान यांनीं पाहिलें नव्हतें. त्यांच्यापुढें होता तो टांचणीवरचा वाळलेला देह आणि तो कोठून आला हें सांगणारी नोंद. तरीही आज ऑस्ट्रेलियांतील एखाद्या विद्यार्थ्यास हा लाल जीव सांपडला, तर त्याला याच नांवानें हांक मारावी लागते, आणि नांवापुढें ‘बोहेमान, १८५८’ अशी नोंद करावी लागते.

या नोंदीचाही एक संकेत आहे. ज्यानें प्रथम वर्णन केलें त्याचें नांव व साल जातीच्या नांवापुढें लिहितात. पुढें कोणीं ती जाति एका प्रजातींतून काढून दुसऱ्या प्रजातींत घातली, तर मूळ लेखकाचें नांव पुसत नाहींत; फक्त तें कंसांत जातें. लिनियस यांनीं १७५८ सालीं ‘मेलोई फ्लोरॅलिस’ या नांवानें नोंदलेला या कुळांतील एक भुंगेरा आज ‘ओमोनॅडस’ या प्रजातींत गणला जातो, म्हणून तेथें लिनियस यांचें नांव कंसांत आहे. दुसऱ्याच्या घरीं दत्तक गेलेल्या मुलाच्या जन्मदात्याचें नांव कुळवृत्तांतांत राखून ठेवावें, तसाच हा प्रकार आहे. जो वर्णन करितो तो त्या वर्णनाची जबाबदारी आपल्या नांवानिशीं कायमची पत्करतो, असा याचा खरा अर्थ आम्ही घेतों.

ऑस्ट्रेलियांतील या कुळाच्या अभ्यासाचा इतिहास मनोरंजक आहे. सिडनी येथें १८६२ सालीं न्यू साउथ वेल्सची कीटकशास्त्र संस्था स्थापन झाली. तिच्याच वृत्तांतांत १८६९ सालीं रॉबर्ट लेथब्रिज किंग या धर्मोपदेशकानें या कुळांतील ऑस्ट्रेलियन जातींवर लेख लिहिला. हे गृहस्थ त्या वसाहतीच्या तिसऱ्या गव्हर्नरचे नातू. आणि त्यांचे एक बंधु ‘बीगल’ नौकेवर डार्विन यांचे सहप्रवासी होते. त्यानंतर ॲडलेडजवळच्या वुडव्हिल येथील धर्मोपदेशक टॉमस ब्लॅकबर्न (१८४४–१९१२) यांनीं ऑस्ट्रेलियांतील भुंगेऱ्यांच्या तीन हजारांवर जातींचें वर्णन केलें. तर ॲडलेडच्या संग्रहालयांतील आर्थर मिल्स ली (१८६८–१९३२) यांनीं पांच हजारांचा आंकडा ओलांडला. रविवारीं प्रवचन करावें, आठवडाभर आपल्या लोकांच्या लग्नकार्यांची व अंत्यविधींची व्यवस्था पाहावी, आणि उरलेल्या वेळांत दोन मिलिमीटरांच्या जीवाच्या पाठीवरील केस कोणत्या दिशेस वळले आहेत याची टिपणी करावी, असें हें त्या धर्मोपदेशकांचें आयुष्य! त्यांत विसंगति आहे असें आम्हांस वाटत नाहीं. लक्ष देण्याची संवय एकदां अंगीं बाणली म्हणजे ती लहानमोठें पाहत नाहीं.

आतां असें वर्णन सिद्ध कसें होतें तें पाहूं. पालापाचोळा चाळणींतून चाळून, किंवा झुडपाखालीं पांढरें कापड धरून फांद्यांवर काठी मारून, हे भुंगेरे जमवितात. एवढ्याशा देहांतून टांचणी आरपार घालतां येत नाहीं. म्हणून जाड कागदाच्या लहान त्रिकोणी तुकड्याच्या टोंकास तो डिंकानें चिकटवितात आणि टांचणी त्या कागदांतून घालतात. त्याच टांचणीस खालीं चिठ्ठी असते: ठिकाण, तारीख, पकडणाऱ्याचें नांव. चिठ्ठी हरवली कीं नमुन्याचें मोल बहुतेक संपलेंच. मग सूक्ष्मदर्शकाखालीं तपासणी सुरू होते. डोकें लांब कीं रुंद, डोळे फुगीर कीं चपटे. डोक्यावरील दोन स्पर्शिकांस अकरा अकरा पेरीं असतात, त्यांतील कोणतें पेर लांब, कोणतें जाड. पंखांवरील खळगे दाट कीं विरळ. केस आडवे पडलेले कीं उभे. पुढच्या चार पायांच्या पावलांस पांच पांच पेरीं आणि मागच्या दोहोंस मात्र चार चार, ही तर या कुळाची व त्याच्या भाऊबंदांची ठरलेली खूण. बाह्यतः दोन जाती हुबेहूब सारख्या दिसल्या, तर नराच्या उदरांतील जननेंद्रियाचा सूक्ष्म भाग दाहक क्षारांत स्वच्छ करून त्याचा आकार पाहावा लागतो. कित्येकदां निर्णय तेथेंच लागतो. हें सर्व ठराविक क्रमानें, डोक्यापासून पायांपर्यंत, कोरड्या भाषेंत लिहावयाचें. पूर्वीं अनेक लेखक प्रथम लॅटिनमध्यें संक्षिप्त वर्णन देत. प्राण्यांच्या बाबतींत आज तशी सक्ति नाहीं.

परंतु लांबलचक वर्णन म्हणजे ओळख नव्हे. म्हणून वर्णनाबरोबर शास्त्रज्ञ निराळें ‘लक्षण’ देतात: ही जाति तिच्या जवळच्या जातींहून कशी वेगळी, तेवढेंच त्यांत सांगावयाचें. येथें आम्हांस आपल्या नैयायिकांची आठवण झाल्याखेरीज राहत नाहीं. गाईचें लक्षण काय, या प्रश्नावर त्यांनीं जो खल केला तो पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. ‘कपिल वर्णाची ती गाय’ म्हटलें तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ति. ‘शिंगें असलेली ती गाय’ म्हटलें तर म्हैसही आंत शिरते, ही अतिव्याप्ति. आणि ‘एकच अखंड खूर असलेली ती गाय’ म्हटलें तर एकही गाय सांपडत नाहीं, हा असंभव. गळ्याखालचें लोंबतें पोळें सांगितलें, तेव्हां कोठें लक्षण जमलें. भुंगेऱ्याच्या वर्णनकारापुढें हेच तीन खड्डे असतात. ‘तपकिरी रंगाचा, तीन मिलिमीटर लांब’ एवढेंच लिहिलें तर त्यांत शेंकडों जाती मावतील. आणि हातांतल्या एकाच नमुन्याच्या अंगावरील डाग हीच खूण मानली तर त्याचेच सख्खे भाऊ परके ठरतील. तर्कशास्त्राचा हा पाठ आमच्या पिढ्यान् पिढ्यांनीं मुखोद्गत केला. तिकडे तो डिंक, टांचणी आणि सूक्ष्मदर्शक घेऊन रोज चालविला जातो.

लक्षण अपुरें राहिलें म्हणजे काय होतें, याचेंही उदाहरण याच कुळांत आहे. फ्रान्समधील मोरिस पिक (१८६६–१९५७) या विलक्षण उद्योगी गृहस्थानें सबंध आयुष्यांत तीस हजारांहून अधिक नवीं नांवें दिलीं, आणि मुंगीसारखे भुंगेरे हा तर त्याचा खास आवडीचा विषय. परंतु त्याचीं वर्णनें पुष्कळदां दोनचार ओळींत आटोपलेलीं असत. त्या ओळी वाचून प्राणी ओळखणें दुरापास्त. त्यामुळें पुढील अभ्यासकांस प्रत्येक वेळीं पॅरिसच्या संग्रहालयांतील त्याचे मूळ नमुनेच पाहावे लागतात. त्याचा उद्योग थोर होता यांत शंका नाहीं. पण त्यानें वांचविलेला वेळ इतरांस भरून द्यावा लागला.

सुदैवानें शास्त्रानें यावर एक उपाय योजिला आहे. शब्द कितीही जपून वापरले तरी ते चुकूं शकतात. म्हणून ज्या एका देहावरून वर्णन केलें तो देहच प्रमाण म्हणून जपून ठेवावयाचा. १९९९ नंतर वर्णिलेल्या नव्या जातीस असा प्रमाण नमुना नेमून दिल्याखेरीज तिचें नांव ग्राह्यच धरलें जात नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या राजधानींत, कॅनबेरा येथें, राष्ट्रीय कीटकसंग्रह आहे. त्यांत एक कोटीहून अधिक कीटक जतन केलेले आहेत, आणि त्यांतील प्रमाण नमुन्यांचा मान सर्वांत मोठा. पाठभेद पडले म्हणजे पंडित मूळ पोथीकडे जातात, तसे अभ्यासक त्या नमुन्याकडे जातात. ‘मीं असें म्हणतों, पण माझ्यावर विश्वास ठेवूं नका, हा पाहा तो देह, तुम्हीच तपासा,’ असें म्हणण्याची ही रीति आहे. विद्वत्तेंत याहून सभ्य वाक्य आम्हांस ठाऊक नाहीं.

यांत हिंसा आहे, असें कांहीं वाचक म्हणतील, आणि तें खरें आहे. एक जीव मारल्यावांचून त्याच्या जातीची ओळख बहुधा पटत नाहीं. परंतु ज्या जीवाचा देह दीडशें वर्षें कापराप्रमाणें जपला जातो, त्याचें मरण निदान बेपर्वाईचें नसतें. बेपर्वाईनें मरणारे निराळेच आहेत. त्यांच्याकडे आम्ही पुढें वळणारच आहों.

आमचा एक भाचा नुकताच पदवीधर झाला आहे. आम्ही हीं वर्णनें वाचीत असलेलें पाहून त्यानें एकदां विचारलें, “मामा, तिळाएवढ्या किड्याच्या मिशांचीं पेरीं मोजून जगाचा उपयोग तो काय?” प्रश्न रास्त होता, आणि त्याचें व्यावहारिक उत्तरही आहे. वर उल्लेखिलेला लिनियस यांचा ‘फ्लोरॅलिस’ जगभर पसरलेला आहे. ऑस्ट्रेलियांत आहे, तसा हिंदुस्थानांतही आहे. साठवलेल्या धान्यांत तो दिसला तर धान्य ओलसर होऊन बुरशी धरीत आहे असें समजावें. दाणा पोखरणारी कीड आणि हा भुंगेरा यांतील भेद ज्यास कळला, तो औषध फवारण्याऐवजीं धान्य वाळवील. याच कुळांतील कांहीं जाती पिकांवरील किडींचीं अंडीं खातात, म्हणजे त्या शेतकऱ्याच्या मित्र आहेत. युरोपांतील ‘नोटॉक्सस मोनोसेरॉस’ या शिंगाळ्या जातीचे नर तर अंगावर फोड उठविणाऱ्या दुसऱ्या भुंगेऱ्यांचें विष शोधून तें आपल्या शरीरांत सांठवितात, आणि मादी त्या विषाची चव घेऊन वर पसंत करिते! हें सारें ज्ञान पुढच्या मनुष्यास उपयोगी पडतें, कारण तें एका निश्चित नांवाखालीं नोंदलेलें असतें. नांवच नसेल तर निरीक्षण ठेवावयाचें कोणत्या खात्यावर?

परंतु भाच्यास आम्हीं जें उत्तर दिलें तें एवढ्यावर थांबलें नाहीं. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील शास्त्रज्ञांनीं २०१८ सालीं वर्गीकरणशास्त्राची दहा वर्षांची योजना प्रसिद्ध केली. ऑस्ट्रेलियांतील जीवजातींपैकीं सुमारें सत्तर टक्के अद्याप अनामिक आहेत, असा तेथील शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. नवीन जातीचा नमुना रानांतून उचलल्यापासून त्याचें वर्णन छापून येईपर्यंत सरासरीनें एकवीस वर्षें जातात, असें २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत आढळून आलें. म्हणजे मूल जन्मून सज्ञान होईपर्यंत त्याचें बारसेंच व्हावयाचें नाहीं! आणि या अवधींत रान थांबून राहत नाहीं. २०१९–२० च्या उन्हाळ्यांत पूर्व व दक्षिण ऑस्ट्रेलियांतील फार मोठें अरण्य वणव्यांत जळालें. मोठे प्राणी किती मेले याचे अंदाज निघाले, आणि जगानें हळहळ व्यक्त केली. परंतु त्या जळत्या पालापाचोळ्यांत राहणाऱ्या, ज्यांस नांवच मिळालें नव्हतें, अशा जीवांची मोजणी कोण करणार? ज्याचें नांव नाहीं त्याचें सुतकही नाहीं. जें होतें असें कोणीं लिहूनच ठेवलें नाहीं, तें गेलें असें तरी कोण म्हणेल? वर्णनकाराचा उपयोग येथें आहे. तो जगांत एकही जीव वाढवीत नाहीं. पण जो आहे त्याची साक्ष तो ठेवितो. भाचा यावर बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग “तें भिंग द्या बघूं,” एवढेंच म्हणाला.

आणखी एक गोष्ट आमच्या मनांत राहून राहून येते, ती लिहून हा लेख पुरा करितों. ‘जाति’ हा शब्द आपल्याकडे दोन ठिकाणीं चालतो. भुंगेऱ्याची जाति सांगणारा मनुष्य वर्षानुवर्षें पाहतो, शेजारच्या जातींशीं ताडून पाहतो, आपल्या विधानाखालीं सही करितो आणि ज्या देहावरून तें केलें तो कोणासही तपासावयास उघडा ठेवितो. दुसऱ्या कोणीं तें खोटें ठरविलें तर तो तें मुकाट्यानें मान्य करितो. मनुष्यांच्या जातींविषयीं मात्र आपल्या माजघरांतून व ओटीवरून किती लक्षणें दिवसभर सांगितलीं जातात! अमके लोक असेच, तमक्यांचा स्वभाव तसाच. तेथें नमुना कोणता, पाहणी किती, आणि खालीं सही कोणाची, हें कोणीं विचारीत नाहीं. अव्याप्ति व अतिव्याप्ति हे शब्द ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या घोकले गेले, तेथेंच ते असे निरुपयोगी होऊन पडावे याचा आम्हांस खेद वाटतो. तीन मिलिमीटरांच्या भुंगेऱ्याविषयीं बोलतांना जेवढी सावधगिरी लागते, तेवढी शेजाऱ्याविषयीं बोलतांना तरी असावी, ही अपेक्षा फार मोठी नव्हे.

वाचकांपैकीं कोणास सवड असेल, त्यांनीं पावसाळ्यानंतर अंगणांतील पालापाचोळा एखाद्या पांढऱ्या कागदावर झटकून पाहावा. कांहीं मुंग्या चालूं लागतील. त्यांतील एखादीच्या पाठीवर मधोमध सरळ रेघ दिसली, तर ती मुंगी नव्हे एवढें आतां त्यांस कळेल. नांव सांगतां आलें नाहीं तरी चालेल. पण ‘किडा’ म्हणून कागद झटकण्यापूर्वीं क्षणभर हात थांबावा.